जुन्या गाडीत टर्बो इंजिन बसवायचंय? गावाकडच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या गावांत अजूनही कमांडर, मार्शल, जुनी सुमो, इंडिका धावतात. बॉडी शाबूत आहे, चेसिस ठणठणीत आहे, पण इंजिन थकलं आहे, अशा गाडीच्या मालकांचे हे प्रश्न. उत्तरं खिसा आणि आपल्याकडचं ऊन, दोन्ही धरून दिली आहेत.

टर्बोनं नेमकं होते तरी काय?

साधं डिझेल इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढतं, तेवढ्यावरच भागवतं. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरवतो आणि त्याच दांडीवरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त आली की डिझेल जास्त जाळता येतं. टाटाचं 1948 सीसीचं इंजिन साध्या सुमोत साठ-पासष्ट हॉर्सपॉवरच्या घरात होतं. 1998 ला आलेल्या सफारीत तेच इंजिन टर्बो आणि इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) घेऊन नव्वदच्या घरात गेलं.

फरक सपाट रस्त्यावर कमी आणि चढावर जास्त कळतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना वर हवा साधारण सात-आठ टक्के विरळ होते, साधं इंजिन तिथं धापा टाकतं. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. तुमची गाडी घर, शेत आणि तालुका एवढंच फिरत असेल आणि घाट कधी लागतच नसेल, तर हा खर्च कशाला करता, हे आधी घरच्यांना पटवा.

"भाऊ, माह्या कमांडरच्या हायेच त्या इंजिनले टर्बो लावून देते म्हणते मिस्त्री. लावू काय?"

नका लावू.

टर्बोचं इंजिन म्हणजे साधं इंजिन अधिक टर्बो, असं नसतं. कंपनी टर्बोसाठी पिस्टन वेगळे देते, बऱ्याच इंजिनांत पिस्टनला खालून तेलाचा फवारा मारून थंड ठेवते, हेड गॅस्केट मजबूत घालते, कॉम्प्रेशन थोडं कमी ठेवते आणि डिझेल पंपाची सेटिंग बदलते. साध्या इंजिनावर नुसता टर्बो चढवला आणि पंप वाढवला तर पहिले दोन महिने गाडी पळते, मालक खूश, मिस्त्रीही खूश. मग एखाद्या लांबच्या चढाला हेड गॅस्केट जातं किंवा पिस्टनचं डोकं वितळतं. पंप न वाढवता नुसता टर्बो लावला, तर धूर कमी होतो एवढंच. ताकद जवळपास तशीच राहते, मग पैसे घातले कशासाठी?

मग कोणत्या गाडीत कोणतं इंजिन घ्यावं?

माझा नियम एकच. त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं, आणि कंपनीनं स्वतः टर्बोसाठी बनवलेलं इंजिन. गावात राहून कमी पैशात हे काम करायचं असेल तर दुसरा रस्ता मला दिसत नाही, कारण जुळवाजुळवीचा प्रत्येक तुकडा लेथवर बनवून घ्यावा लागला की स्वस्त इंजिन महाग होऊन बसतं.

सुमो साधी असेल तर सुमोचंच टर्बोवालं किंवा पहिल्या सफारीचं 1948 सीसीचं इंजिन हा सरळ रस्ता. इंडिका असेल तर तेही सोपं: साध्या डिझेल इंडिकाचं 1405 सीसीचं इंजिन पुढे इंडिका व्ही-टू टर्बोत आणि इंडिगोत टर्बोसह आलं.

महिंद्रात जरा डोकं लावावं लागतं. कमांडर, मार्शलमध्ये वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिनं आली. जुन्यांत प्युजोचं 2112 सीसीचं, नंतरच्यांत महिंद्राचं 2523 सीसीचं डीआय. बोलेरोत 2523 सीसीचंच टर्बो इंजिन वर्षानुवर्षं चाललं. तुमच्या गाडीत मुळात 2523 असेल तर बोलेरोचं इंजिन जवळचं नातेवाईक. 2112 असेल तर घराणंच वेगळं, मग बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर), माउंटिंग, क्लच सगळं नव्यानं जमवावं लागतं. म्हणून आरसी बुकात सीसी किती लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच गाड्यांत मधल्या एखाद्या मालकानं इंजिन बदललेलं असतं आणि बुकात जुनंच असतं, तेव्हा इंजिनावरचा ठोकलेला नंबरही बुकाशी ताडून पाहा.

स्कॉर्पिओचं इंजिन कमांडरमध्ये टाकलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ दोन्ही उतू जातं, त्याचं ते काम. चढ्या ताकदीला गिअरबॉक्स, मागचा हाउसिंग, ब्रेक काहीच पुरत नाही.

पंपवालं घ्यावं की सेन्सरवालं?

पंपवालं, म्हणजे साध्या यांत्रिक डिझेल पंपावर चालणारं. यात फारसा वाद नाही.

सेन्सरवाल्या इंजिनासोबत त्याचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, किल्लीचा इमोबिलायझर, इलेक्ट्रॉनिक एक्सलेटर पेडल, सगळे सेन्सर एकाच गाडीचे लागतात. एक जरी दुसऱ्या मॉडेलचा असला तरी गाडी नीट उचलत नाही आणि तालुक्यातला मिस्त्री स्कॅनर लावून फक्त कोड वाचतो. घ्यायचंच असेल तर अख्खी अपघातग्रस्त गाडी उभी असताना, वायरिंग न कापता, सगळं एकत्र काढून घ्या. भंगारवाल्यानं वायरिंग कटरनं उडवलं असेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी महाग आहे.

दुसरं कारण डिझेल. सेन्सरवालं इंजिन म्हणजे कॉमन रेल, त्यात डिझेलला हजार बारच्याही वर दाब असतो, त्या नोझलला पाण्याचा थेंब आणि कचरा चालत नाही. शेतातल्या इंजिनासाठी आणलेल्या कॅनमधलं डिझेल अडीनडीला गाडीत ओतायची आपल्याकडे सवय आहे. पंपवालं इंजिन ते काही दिवस सहन करतं. कॉमन रेल करत नाही.

मारुती 800 किंवा अल्टोत स्विफ्टचं डिझेल टाकलं तर?

1248 सीसीचं ते इंजिन चांगलंच, 2007 पासून 2020 पर्यंत मारुतीनं कितीतरी गाड्यांत वापरलं. पण छोट्या पेट्रोल गाडीच्या तोंडावर एवढं वजन आलं की पुढचं सस्पेन्शन बसतं, स्टिअरिंग जड होतं, आणि पेट्रोलचं डिझेल झाल्यावर कागदांचा प्रश्न सुटतच नाही. सोडून द्या.

ट्रॅक्टरचा टर्बो जीपला चालते काय?

नाही. ट्रॅक्टरचं इंजिन दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या आत काम करतं, जीपचं चार हजारांपर्यंत जातं. टर्बोचं माप इंजिनाचे सीसी आणि फेऱ्या पाहून ठरतं. भोकं जुळली म्हणून टर्बो जुळत नाही.

कागदाचं काय? आरटीओ काही म्हणते काय?

म्हणते, आणि हा प्रश्न इंजिन घेण्याच्या आधी सोडवायचा असतो, नंतर नाही.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि कलम 182अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे इंजिन बदलताच येत नाही का? येतं. थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं त्याच प्रकारचं इंजिन बसवायला आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो. टर्बोच्या बाबतीत गोम इथंच आहे. तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीनं टर्बो विकलेला असेल, इंधन तेच आणि सीसी तेच असेल, तर मांडायला मुद्दा असतो. दुसऱ्याच घराण्यातलं इंजिन असेल तर मुद्दाच नाही. शेवटी ठरवणार अधिकारी. म्हणून इंजिनाचा विसार देण्याआधी आरसी, गाडीचे फोटो आणि घ्यायच्या इंजिनाची माहिती घेऊन तुमच्या आरटीओत जा, अर्ज करा, आणि उत्तर लेखी घ्या. "साहेब बोलले होय म्हणून" याला नाक्यावर किंमत नाही. नकार आला तर तिथंच थांबा आणि जुन्याच प्रकारचं इंजिन नीट बांधून घ्या.

बँकेचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी. विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवा. अपघात झाल्यावर सर्व्हेअर सगळ्यात आधी इंजिन नंबर पाहतो आणि तो जुळला नाही तर कंपनी हात वर करायला मोकळी होते.

गाडी 15 वर्षांच्या पुढे गेली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हेही हिशेबात धरा. गाडीची पासिंग होणार की नाही हे आधी पाहा. बुकाची मुदत संपलेल्या गाडीत टर्बो टाकणारे लोक आहेत, मी त्यांना समजावायचं सोडून दिलं.

काळी-पिवळीत टाकू शकतो का?

जुनी प्रवासी गाडी दरवर्षी फिटनेसला जाते, तिथं नंबर आणि धूर दोन्ही तपासतात. लेखी मंजुरी नसेल तर हात लावू नका. मागे दहा माणसं बसलेली असतात.

भंगारातलं इंजिन घ्यायचं तर ओळखायचं कसं?

नागपूरच्या भंगार बाजारात किंवा कुठंही, चालू करून दाखवलं तरच घ्या. जमिनीवर ठेवलेलं, रंग मारून चकाचक केलेलं इंजिन मला तरी जास्त संशयाचं वाटतं.

सकाळी थंड असताना जा. विक्रेत्यानं तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा प्या, दोन तास थांबा. थंड इंजिन कितव्या सेल्फला उठतं ते पाहा. उठल्यावर तेल ओतायचं झाकण उघडा. थोडी वाफ ठीक, पण भकाभका धूर आला, झाकण उडायला लागलं, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन फिरतो ते सिलिंडर) गेले. निळा धूर तेलाचा. उठताना थोडा पांढरा चालतो, पण गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर नोझल किंवा हेड पाहावं लागेल. डिपस्टिकवरचं तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय.

आता टर्बो. इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप काढा, आत चाक दिसेल. दोन बोटांत त्याचं टोक धरून आडवं हलवा. किंचित खुळखुळलं तर घाबरू नका, ती दांडी तेलावर तरंगत फिरते, एवढी जागा कंपनीनंच ठेवलेली असते. मग तेच चाक मागे-पुढे ढकला. तिथं खेळ जाणवला, किंवा आडवं हलवताना पातं घराला घासलं, तर टर्बो संपला. पात्यांची टोकं बघा. नवीन पात्याची कड धारदार असते, धूळ खाल्लेल्या पात्याची कड बोटाला बोथट लागते आणि उजेडात खरवडल्यासारखी दिसते. तशी दिसली की समजा, धूळ टर्बोतच थांबली नाही, बोअरमध्येही गेली.

इंजिन नंबरची जागा कापडानं पुसून पाहा. ग्राइंडरचे ओरखडे दिसले, नंबरची अक्षरं वाकडीतिकडी वाटली तर उलट्या पावली परत या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ज्या गाडीतून काढलं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद मागा.

सगळं मिळून किती लागतात?

भाव बाजार, मॉडेल आणि गरजू माणसाचा चेहरा पाहून बदलतात, त्यामुळे आकडा सांगत नाही. वाटणी सांगतो. समजा हातात एक लाख आहेत. त्यातले निम्म्याहून जास्त इंजिनावर घालू नका. उरलेल्या निम्म्यात रेडिएटर, होज पाइप, क्लच सेट, माउंटिंग, टर्बोचे तेलाचे पाइप, ब्रेकचं काम, लेथवाला, मजुरी आणि आरटीओ येतात, आणि वर दहा हजार तरी न ठरवलेल्या कामाला लागतात. इंजिनातच ऐंशी घातले की गाडी सहा महिने शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात.

इंजिन उघडून बसवायच्या आधी टायमिंग बेल्ट किंवा चेन, मागचं ऑइल सील, क्लच आणि पाण्याचा पंप बदला. बाहेर असताना एक तासाचं काम, आत गेल्यावर दोन दिवसांचं.

आपल्याकडच्या उन्हात टर्बो टिकतो का?

टिकतो, पण पाण्याची आणि हवेची व्यवस्था कंपनीइतकी ठेवली तरच.

साधा हिशेब बघा. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूरकडे सावलीत 45 अंश. एवढी गरम हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा साधारण सहा टक्के विरळ असते. टर्बो तिला 0.8 बारच्या आसपास दाबतो, आणि दाबलेली हवा तापते: बाहेर 45 असेल तर टर्बोतून निघताना सव्वाशे अंशांच्या आगेमागे. ती तशीच इंजिनात गेली तर ताकद मिळत नाही आणि पिस्टन भाजतात. म्हणून ज्या इंजिनासोबत इंटरकूलर होता, त्यासोबत तो घ्यायचाच. "जागा नाही म्हणून काढला" असं मिस्त्री म्हणाला तर जागा करायला सांगा. इंटरकूलरला वारा लागला पाहिजे. रेडिएटरच्या मागे कोपऱ्यात लटकवला तर तो हवा थंड करायच्या ऐवजी गरम करतो.

रेडिएटर टर्बोवाल्या गाडीचाच हवा. जुना, दोन वेळा झाळलेला रेडिएटर नव्या इंजिनाला पुरत नाही. पंख्याभोवतीचा प्लॅस्टिकचा घेर लोक हमखास काढून फेकतात, तो लावा. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून न ओढता बाजूची हवा घुसळत बसतो. थर्मोस्टॅटही काढू नका. काढल्यानं गाडी थंड राहते हा आपल्याकडचा जुना समज आहे.

आणि पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिथलं बोअरवेलचं खारं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की हेडच्या आत खार धरतो. तयार कुलंट घाला, किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला.

पावसाळ्यात बसवलेलं इंजिन श्रावणात काहीच तक्रार करत नाही, खरी परीक्षा चैत्र-वैशाखात, लग्नाची वऱ्हाडं भरून नेताना. म्हणून काम झाल्यावर लगेच गाडी भरून, एसी असेल तर लावून, एखाद्या लांब चढावर नेऊन काटा पाहा. त्याआधी काट्याचा सेन्सर नव्या इंजिनाशी जुळतो का ते तपासा. चुकीच्या सेन्सरवर काटा मधोमध शांत बसतो आणि इंजिन उकळत असतं.

धुळीचं काय?

टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो. त्या वेगात धुळीचा कण पात्यावर आदळतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणी यंत्राजवळ गाडी चालू ठेवून गप्पा मारणं बंद करा. एअर फिल्टर टर्बो गाडीचा पूर्ण डब्ब्यासह घ्या आणि फिल्टर ते टर्बो हा पाइप कुठं चिरला नाही ना, क्लिप घट्ट आहे ना, हे दर आठवड्याला पाहा. पांदणीनं रोज जाणं असेल तर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या निम्म्यात बदला.

बसवल्यावर निळा धूर येतो, मिस्त्री म्हणतो टर्बो खराब. खरंच?

कदाचित नाही. टर्बोत तेल दाबानं जातं, पण परत चेंबरमध्ये (इंजिनाखाली तेल साठतं तिथं) येतं ते फक्त उतारानं. परतीचा पाइप बारीक असेल, मध्ये वाकलेला असेल, किंवा चेंबरला तेलाच्या पातळीखाली जोडला असेल, तर तेल तुंबतं आणि सीलमधून सायलेन्सरात जातं. इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना हा पाइप वळवलेला असतोच. दुसरा टर्बो विकत घ्यायच्या आधी तो पाहा.

ब्रेक तेच चालतील?

इथं कंजुषी करू नका. जुन्या कमांडरला चारही चाकांना ड्रम. टर्बोनं गाडी वेग लवकर पकडते, ब्रेक तेच राहतात. पुढे डिस्क असलेल्या मॉडेलचा सेट बसत असेल तर तो, नसेल तर निदान ड्रम, लायनिंग, सिलिंडर नवे.

एक बारीक गोष्ट. अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे बसलेला असतो. भंगारवाला अल्टरनेटर वेगळा विकतो, मिस्त्री दुसऱ्या कुठल्या गाडीचा बिनपंपाचा लावतो, गाडी सुरू होते, बॅटरी चार्ज होते, आणि पहिल्या उतारावर पेडल दगडासारखं. इंजिन घेताना अल्टरनेटर, पंप आणि त्याचा तेलाचा पाइप सोबतच आला पाहिजे.

अॅव्हरेज वाढतं का?

शांतपणे चालवली तर थोडं वाढतं, कारण गिअर कमी पाडावे लागतात. पण नवीन ताकद हाती आलेला माणूस शांत चालवत नाही.

पीयूसी निघेल?

पंप गॅरेजवर "जरा वाढवून" घेतला नसेल तर निघायला हरकत नाही. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धूर किती दाट, त्याचं माप) आहे. एक्सलेटर दाबला की मागे काळा ढग, म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त. पाइपची गळती शोधा, पंप सेटिंगवाल्याकडे न्या.

चालवताना काय पाळायचं?

सकाळी सुरू करून लगेच रेस करू नका, तेल टर्बोपर्यंत पोहोचू द्या. घाट चढून आल्यावर किंवा हायवेवरून उतरल्यावर एक-दोन मिनिटं स्लोवर ठेवून मग बंद करा, नाहीतर दांडीवरचं तेल जागीच जळून कोळसा होतं. तेल टर्बो डिझेलचं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं, बंद डब्यातलं. सुटं नको.

काढलेलं जुनं इंजिन विकून टाकू का?

आरटीओची मंजुरी हातात येऊन नवा नंबर आरसीवर चढेपर्यंत विकू नका. नंतर विकाल तेव्हा घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि इंजिन नंबर लिहिलेल्या कागदावर त्याची सही घ्या आणि आरसीच्या फाइलीतच ठेवा. त्या नंबरवर अजून तुमचंच नाव बोलतंय.